चेकवरची तारीख आणि ईदचा चाँद

मालेगावात यंत्रमागांची खटखट शुक्रवारी थांबते. आठवड्याची मजुरी त्या सुट्टीच्या आत कामगाराच्या हातात पडायची, हा इथला जुना शिरस्ता. रमझानच्या तिसऱ्या अशऱ्यात, म्हणजे शेवटच्या दहा दिवसांत, या मजुरीला वेगळेच वजन येते. मुलांचे कपडे, चपला, शीरखुर्म्यासाठी शेवया, सुके खोबरे, चारोळी, खारीक. परप्रांतातून आलेल्या कामगाराला गावी पाठवायचे पैसे. आणि ईदच्या नमाजआधी द्यायचा फित्रा. हे सगळे त्याच मजुरीतून निघायचे असते, आणि ईद काही कोणासाठी थांबत नाही.

बारा-सोळा माग चालवणाऱ्या छोट्या कारखानदाराच्या टेबलाचा खण अशा वेळी उघडून पाहिला, तर नोटांच्या गड्ड्या क्वचित दिसतात. दिसतात ते चेक. कोणावर ईदनंतरची आठव्या दिवसाची तारीख, कोणावर त्याही पुढच्या महिन्याची. माल कधीच गेलेला असतो. ग्रे कापडाचे ताके पाली-बालोत्र्याच्या बाजूला जाऊन, रंगून, छापून कदाचित कोणाच्या ईदच्या कपड्यांत शिवलेही गेलेले असतात. पैसा मात्र कागदावर असतो, आणि कागदावर तारीख असते.

गंमत अशी की त्याच कारखान्याच्या बाहेर, गल्लीच्या तोंडाशी, समोसे आणि फळांच्या चाटची गाडी लागलेली असते. इफ्तारच्या आधी अर्धा तास तिथे झुंबड उडते. गाडीवर क्यूआर कोडचा पुठ्ठा, शेजारी पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारा छोटा डबा. वीस रुपयांचे समोसे घेतले की पुढच्या क्षणी वीस रुपये खात्यात. एका गल्लीत दोन काळ नांदतात. वीस रुपयांना क्षणभर लागतो, तीन लाखांना तीन महिने. हे असे का, याचे उत्तर "लोक अजून जुन्या वळणाचे आहेत" एवढ्यावर भागवले जाते. ते उत्तर चुकीचे आहे.

आधी चेकचा साधा त्रास पाहू, कारण तोही कमी नाही. चेक आणायला दलालाच्या पेढीवर दोन-तीन फेऱ्या. मग बँकेत स्लीप भरा, मागे खातेक्रमांक लिहा, पेटीत टाका. अंकांतली आणि अक्षरांतली रक्कम जुळली नाही, सही थोडी तिरकी आली, खाडाखोड झाली, की कागद परत. सीटीएस पद्धतीत चेकचा कागद बँकेबँकेतून फिरत नाही, त्याचे चित्र फिरते. त्यामुळे तारखेची मुदत वाढवण्याखेरीज चेकवर कोणतीही दुरुस्ती चालत नाही, मग शेजारी कितीही ठसठशीत सही करा. १ एप्रिल २०१२ पासून चेकचे आयुष्यही सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आले. खणाच्या तळाशी राहून गेलेला चेक हा नुसता कागद.

आणि नावांचा घोळ! मोहम्मद, मोहंमद, मुहम्मद, महंमद: मराठीत चार तऱ्हा, रोमन लिपीत त्याहून जास्त. कोणी आडवळणाने चार अक्षरांत आखडतो, कोणी नुसते 'एम. डी.' लिहून मोकळा होतो आणि मागवाल्याला डॉक्टर करून टाकतो. आधारवर एक, बँकेत दुसरे, बिलावर फर्मचे तिसरेच नाव. फर्मच्या नावाचा चेक बचत खात्यात जमा होत नाही, आणि छोट्या माणसाकडे चालू खाते असतेच असे नाही. नाव दुरुस्त करून दुसरा चेक मागायचा म्हणजे देणाऱ्याच्या हातात आणखी पंधरा दिवस देण्यासारखे. उर्दूत सही करणाऱ्या जुन्या मंडळींची वेगळीच कसरत. सही कोणत्याही लिपीत चालते, पण वीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी ती जुळायला हवी, आणि वयाबरोबर हात बदलतो. सही जुळत नाही म्हणून परत आलेला चेक पाहून खजील झालेले बुजुर्ग अनेक शाखांच्या खिडक्यांनी पाहिलेले आहेत. मोबाइलवर पैसे पाठवताना समोरच्याचे नाव आधी दिसते, ते नाव वाचून 'होय, हाच' म्हणायचे. नावाचा एवढा एक काच सुटला, हे छोट्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने मोठेच काम झाले.

सुट्ट्यांचा हिशेब तर विचारायलाच नको. २०२५ चे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी रविवार ३० मार्चला गुढीपाडवा आला आणि सोमवारी ३१ मार्चला ईद. हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांत पाठोपाठ सण, बाजारात दोन्ही गिऱ्हाइके एकदमच. वर ३१ मार्च म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, सरकारी भरण्यासाठी काही शाखा उघड्या ठेवलेल्या. १ एप्रिल बँकांचा खाती जुळवण्याचा दिवस. शनिवारी २९ मार्चला पेटीत टाकलेला सामान्य माणसाचा चेक २ एप्रिलच्या आत पुढे सरकणे अवघडच होते. पाडव्याला नवी वही घालणारा किराणावाला आणि ईदला मजुरी चुकवायची असलेला मागवाला, दोघेही एकाच रांगेत अडकले. नेफ्ट मात्र १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालते. रिझर्व्ह बँकेने या दोन्हींवरचे आपले शुल्क १ जुलै २०१९ पासून काढून टाकलेले आहे. द्यायचेच असते, तर चाँदरातीलाही देता आले असते.

आता तर चेकही वेगाने वटू लागला आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसाच्या शेवटी गठ्ठ्याने न पाठवता, आले तसतसे स्कॅन करून दिवसभर पुढे पाठवले जातात आणि देणाऱ्या बँकेला त्याच दिवशी होय-नाही कळवावे लागते. पूर्वी एक-दोन दिवस लागायचे, ते काम काही तासांवर आले. ही सुधारणा चांगलीच. पण खणातल्या त्या चेकला तिचा उपयोग शून्य. ज्या चेकवर पुढची तारीख आहे, तो ती तारीख उजाडेपर्यंत बँक हातात धरत नाही. यंत्रणा कितीही धावली, तारीख बसून असते.

जुन्या व्यापाऱ्यांना यातला फरक नीट माहीत होता. हुंडीचे दोन मुख्य प्रकार ते मानत: दर्शनी आणि मुदती. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे. मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या दिवसांनंतर. मोबाइलवरून होणारे पेमेंट ही दर्शनी हुंडीची आजची आवृत्ती म्हणता येईल. पुढच्या तारखेचा चेक ही मुदती हुंडी. चेक आणि यूपीआय यांची तुलना करताना आपण बहुतेक वेळा वेगाची तुलना करतो, आणि तिथेच फसतो. यूपीआय पैसा वाहून नेते. चेक बहुतेक वेळा पैसा नेतच नाही, तो वायदा नेतो.

रमझानमध्ये ज्या ग्रंथाचे पठण घराघरांत चालते, त्या कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाबद्दल नाही. ती उधारीच्या लिखापढीबद्दल आहे. सूरह बकराची २८२ वी आयत. ठरलेल्या मुदतीसाठी देणेघेणे झाले तर ते लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, मजकूर देणेकऱ्याने सांगावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. हातोहात होणाऱ्या व्यापाराला मात्र तिथे लिहिण्यातून सूट आहे. म्हणजे दर्शनी आणि मुदती हा भेद तिथेही आहेच. त्याआधीच्याच दोन आयती वर, देणेकरी अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, असे सांगितले आहे. आणि हदीसच्या संग्रहांत, ऐपत असून देणे लांबवणे हा जुलूम ठरवला आहे. सवड कोणाला आणि जुलूम कोणाचा, हा फरक कापड बाजारात रोज करावा लागतो. मोठी पेढी बाराच्या बारा मागांवर उधारीचे ओझे टाकते, तेव्हा अडचणीतला नेमका कोण असतो?

लेखी वायद्याची परंपराही मोठी आहे. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहारा वाळवंटापलीकडच्या अवदघुश्त या व्यापारी गावात ४२,००० दिनारांचा एक 'सक्क' पाहिल्याची नोंद केली आहे. तो सिजिलमासाच्या व्यापाऱ्याच्या देण्याचा कागद होता. वाळवंटातून सोन्याच्या थैल्या न्यायच्या त्याऐवजी एक सही. या 'सक्क'वरूनच 'चेक' शब्द आला असे काही अभ्यासक मानतात. इंग्रजी कोशकार तो बुद्धिबळातल्या 'चेक'कडे नेतात, आणि तो 'चेक' मुळात फारसीतला 'शाह'. कोणत्याही वाटेने गेले तरी शब्द आपल्याच बाजूने येतो, याचे थोडे समाधान मानायला हरकत नाही. पैसे त्यामुळे लवकर येत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पैसे लवकर हवे असतील, तर व्यापारी गावांत एक वाट असतेच. पुढच्या तारखेचा चेक घेऊन आज रोख देणारी माणसे. समजा, तीन लाखांचा चेक आहे, तारीख दोन महिन्यांनी. महिन्याला शेकडा दोन धरले, तर हातात येतात दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. बारा हजार वटावात गेले. ग्रे कापडाच्या मीटरमागे काही पैशांवर ज्याचा नफा ठरतो, त्याची या बारा हजारांत त्या मालाची सगळी कमाई जाऊ शकते. तरीही ईदच्या आठवड्यात तो चेक वटवतो, कारण दारात कामगार उभे असतात. मुसलमान कारखानदाराला इथे आणखी एक काटा टोचतो. ही रक्कम व्याजच नव्हे का? व्याजापासून लांब राहायचे म्हणून बँकेचे कर्ज टाळणारा माणूस, दुसऱ्याने लावलेल्या उशिरापायी त्याच दारात येऊन उभा राहतो. मशिदीच्या पायऱ्यांवर या विषयावर बरीच चर्चा होते, आणि पेढीवर सहसा होत नाही.

मग असा चेक मागवाला घेतोच का? थेट खात्यात पैसे का मागत नाही? एक तर मागून मिळत नाहीत. पण दुसरे कारणही खरे आहे: चेकच्या मागे कायदा उभा आहे. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ सालचा. त्यात १९८८ मध्ये दुरुस्ती होऊन कलम १३८ आले आणि १ एप्रिल १९८९ पासून खात्यात पैसे नसताना दिलेला चेक परत जाणे हा गुन्हा ठरला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या तोंडी वायद्याला, वहीतल्या नोंदीला किंवा व्हॉट्सॲपवरच्या "परवा टाकतो"ला ही धार नाही. म्हणून चेक हा पैसे मिळण्याचा मार्ग कमी आणि पैसे बुडाले तर हातात राहणारा तारण-कागद अधिक, असे अनेकांच्या मनात बसले आहे.

या धारेलाही वेळेचे गणित आहे, आणि छोटा माणूस तिथेच चुकतो. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर देणाऱ्याला १५ दिवस. त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. "थांब, पुढच्या आठवड्यात परत लाव" असे गोड बोलून समोरचा तारखा खाऊन टाकतो. मुदतीत पुन्हा लावता येतो हे खरे, पण चेकचे तीन महिने संपले की गोड बोलणेही संपते. खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदाच म्हणतो. कोर्टाच्या आवारात एकदा चक्कर मारली, की त्या वाक्यातला 'प्रयत्न' हा शब्द किती विचारपूर्वक घातला आहे ते कळते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते, हे अनेक तक्रारदारांना माहीतही नसते.

दुसऱ्या बाजूला क्यूआर कोडची दुनियाही निर्वेध नाही. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले तेव्हा त्याचा खरा लाभ झाला तो ज्याला कधी कोणी चेक दिलाच नाही अशांना: बांगडीवाला, अत्तरवाला, सुरमा-टोप्या विकणारा, फेणीवाला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून कमिशन घेतले जात नाही, म्हणून दहा रुपयांचा ग्राहकही परवडतो. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. पण २६ मार्च २०२५ ची संध्याकाळ आठवून पाहा. पंचविसावा रोजा. इफ्तार आटोपून लोक बाजारात उतरण्याची वेळ आणि देशभर यूपीआय अडखळले. कपड्यांची पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात, पैसे वर्तुळात फिरतायत. ओळखीच्या गिऱ्हाइकाला "नंतर टाका" म्हणून सोडले, अनोळखी पिशवी ठेवून गेले. ज्याच्या गल्ल्यात थोडी रोकड आणि गिऱ्हाइकांत थोडी ओळख होती, त्याचे निभावले.

याहून गंभीर त्रास खाते गोठण्याचा. कुठेतरी सायबर फसवणूक होते, तो पैसा चार खात्यांतून फिरत एखाद्या गिऱ्हाइकाच्या हातून दुकानदाराकडे येतो, आणि पोलिसांच्या पत्रावरून बँक दुकानदाराची रक्कम, कधी सगळे खातेच, अडकवते. त्याने फक्त दोन किलो खजूर विकलेले असतात. हे सोडवायला परराज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. ऐन रमझानमध्ये असे झाले तर हंगामच गेला. करांची भीतीही आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत कित्येकांनी क्यूआर उतरवून "फक्त रोख"च्या पाट्या लावल्या. खरे तर पावत्या ठेवणाऱ्याला घाबरण्याचे कारण कमी. खात्यातली प्रत्येक जमा म्हणजे विक्री नव्हे, आणि मालाच्या व्यापाराला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. शिवाय छोट्या व्यापाऱ्याच्या अंदाजित नफ्याच्या हिशेबात (कलम ४४ एडी) रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के. हा सवलतीचा भाग पाटी उतरवताना कोणी लक्षात घेत नाही.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. घरी बसून शिवणकाम, जरीकाम, कपड्यांचे धागे कापणे अशी कामे करणाऱ्या बायांचे पैसे आता मोबाइलवर येतात. पण मोबाइल कोणाचा? पुष्कळदा नवऱ्याचा किंवा मुलाचा. रोख मजुरी निदान मुठीत यायची, त्यातले पन्नास रुपये डब्यात पडायचे. आता "आले का?" हे दुसऱ्याला विचारावे लागते. सोय झाली ती नेमकी कोणाची, हे प्रत्येक घरात वेगळे निघेल.

आणि खणातल्या त्या चेकचे काय? कायद्याने त्याची तारीखही बांधलेली आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, करार असला तरी, ४५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. प्राप्तिकरातल्या कलम ४३ बी (एच) ने १ एप्रिल २०२४ पासून त्याला चावा दिला: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च दाखवता येत नाही. यासाठी मागवाल्याची 'उद्यम' नोंदणी हवी, ती मोबाइलवर फुकट होते. पण नोंदणी केलेल्याकडून माल घ्यायचाच नाही, असा पवित्रा काही खरेदीदारांनी घेतल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये कापड बाजारांतून आल्या. एकट्या बारा मागांचा धनी त्यापुढे काय करणार? पाच-पन्नास जणांनी मिळून "पंचेचाळीस दिवस, आणि थेट खात्यात" असे ठरवले तर दलालालाही ते सांगायला सोपे जाते. सूत विकणारे आपली मुदत अशीच एकजुटीने सांभाळतात, ते काही वरून शिकून आलेले नाहीत.

तोवर रमझानच्या उरलेल्या दिवसांत कारखानदार वही घेऊन बसतो. जकातीचा हिशेब करायचा असतो: शिल्लक सूत, मागावरचे कापड, खात्यातली रक्कम, येणी. खणातले चेक धरायचे की नाही? वसूल होण्याची खात्री असलेल्या येण्यावर जकात लागते, पण पैसे हाती आल्यावर ती भरण्याची मोकळीक हनफी मतात आहे, असे मौलाना सांगतात. तो चेक एकेक करून बाहेर काढतो आणि दोन ढीग करतो, खात्रीचे आणि बिनखात्रीचे. एक चेक बराच वेळ हातात राहतो. मग तो फोन उचलतो आणि पेढीवर विचारतो, "शेठ, अर्धे तरी आज आरटीजीएस होतील का?"